‘ताई, आमचं पिक्चर कधी लागणार?’

प्रश्न (पत्र मोठं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते आहे.)

पत्रलेखिका ३३ वर्षांची, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. पुण्यात पत्रकारिता शिकून ती डॉक्युमेंटरीकडे वळली. गेले चार हंगाम ती एका ऊसतोड जोडप्याबरोबर कॅमेरा घेऊन फिरते आहे, गावापासून कारखान्यापर्यंत आणि कोपीपासून, म्हणजे त्यांच्या हंगामी झोपडीपासून, फडापर्यंत. १४० तासांचं चित्रीकरण साठलं आहे. जवळचे पैसे संपले आहेत. लग्नांची शूटिंग आणि कंपन्यांच्या सामाजिक उपक्रमांच्या छोट्या फिल्म करून ती खोलीचं भाडं भरते. आता पुण्यातल्या एका कंपनीने व्हिडिओ विभागात महिना ७० हजारांची नोकरी देऊ केली आहे. उत्तर पंधरा दिवसांत द्यायचं आहे. भाऊ म्हणतो, ‘बास झालं समाजकार्य.’ त्याच सुमारास परदेशातल्या एका सहनिर्मात्याने फिल्ममध्ये रस दाखवला आहे, पण त्याला त्यात ‘आणखी वेदना’ हवी आहे. त्या बाईंनी दुसऱ्या हंगामात आपली गर्भपिशवी काढल्याची हकिगत कॅमेऱ्यासमोर सांगितली होती, व्रणही दाखवला होता. निर्मात्याला तो प्रसंग फिल्मच्या मध्यावर हवा आहे. बाईंच्या वीस वर्षांच्या मुलीसाठी आता स्थळं बघायला सुरुवात झाली आहे आणि ‘ते तेवढं नको दाखवू’ असं त्या एकदा बोलून गेल्या आहेत.

पत्रलेखिका विचारते : ‘नोकरी धरली तर या माणसांना अर्ध्यात सोडून मी पळाले असं होईल. नाही धरली तर आणखी किती वर्षं अशी काढू? मी डॉक्युमेंटरी सोडून द्यावी का?’

सहीच्या खाली ता. क. आहे : ‘परवा त्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, ताई, आमचं पिक्चर कधी लागणार? लागल्यावर उचल फिटंल का? मी बघू म्हणाले. तेव्हापासून झोप नाही.’

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीच लिहिते. चार पानी पत्रातला तुझा खरा प्रश्न सहीच्या खाली उतरला आहे. मीही तिथूनच सुरुवात करते.

‘उचल फिटंल का?’ याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. तुलाही ते ठाऊक आहे. तोंडावर नाही म्हणणं तुला निर्दयपणाचं वाटलं, म्हणून तू ‘बघू’ म्हणालीस. पण त्यांच्या जागी बसून बघ. त्यांच्या आयुष्यात ‘बघू’ म्हणणाऱ्यांची कमी नाही. मुकादम बघू म्हणतो, कारखाना बघू म्हणतो, मतं मागायला येणारे सगळेच बघू म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. त्या कोयत्यावर हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची, पाच-सहा महिने राबून ती फेडायची आणि नाही फिटली तर पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमाकडे बांधून घ्यायचं. या हिशेबात जगणारी बाई जेव्हा व्यवहाराचा सरळ प्रश्न विचारते, तेव्हा तिला सरळच उत्तर हवं असतं. ते ऐकून ती कोसळणार नाही. तिने याहून कठीण हिशेब ऐकलेले आहेत.

मला वाटतं, तुझी झोप नोकरीने उडालेली नाही, त्या ‘बघू’ने उडाली आहे. नोकरीचा निर्णय त्यामानाने सोपा आहे. त्याच्याकडे मी येईनच.

आधी हे बघ की हा प्रश्न तुला पहिल्यांदा विचारला गेलेला नाही. १९८५ साली डॉक्युमेंटरी दिग्दर्शक आनंद पटवर्धनांनी मुंबईच्या झोपडपट्ट्या पाडल्या जाण्यावर ‘बॉम्बे : हमारा शहर’ केला. त्यात एक बेघर झालेली बाई कॅमेऱ्यामागच्या माणसावरच उखडते. आमच्या गरिबीची चित्रं काढून तुम्ही नाव कमावणार, त्याने आमचं काय होणार, अशा अर्थाचं ती सुनावते. दिग्दर्शकाने हे दृश्य कापलं नाही. ते फिल्ममध्ये आहे आणि फिल्म संपल्यावर बघणाऱ्याच्या मनात तेच सगळ्यात जास्त राहतं. तुझ्या बाईंनी तोच प्रश्न अधिक मायेने विचारला आहे, एवढाच फरक.

त्यानंतरची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १९८६ साली मुंबईत नरिमन पॉइंट परिसरातली संजय गांधी नगर ही वस्ती तोडली गेली, तेव्हा तिथल्या लोकांबरोबर उपोषणाला बसणाऱ्यांत शबाना आझमी होत्या, तसे पटवर्धनही होते. लोकांना पुढे गोरेगावात पर्यायी जागा मिळाली. ती जागा फिल्मने मिळवून दिली नाही. ती संघटनेने, उपोषणाने, सरकारवर आलेल्या दबावाने मिळाली. फिल्म बनवणारा माणूस तिथे नागरिक म्हणून बसला होता, कॅमेऱ्याचा मालक म्हणून नाही.

तुझ्या पत्रात ही दोन कामं एकमेकांत गुंतली आहेत. फिल्मने त्या घराची परिस्थिती बदलली तरच आपली चार वर्षं सार्थकी लागली, असं तू धरून चालली आहेस. हे ओझं फिल्मला पेलणारं नाही. उचलीच्या व्यवहारात त्या फसवल्या जात असतील, तर त्यांच्या भागातल्या ऊसतोड कामगारांच्या संघटनेशी त्यांची गाठ घालून दे. राज्य सरकारने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केलं आहे, त्याच्या नोंदणीचं काय ते विचार, कागद भरायला मदत कर. मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय गावात होते की नाही, ते बघ. ही कामं तू शिकली-सवरलेली ओळखीची बाई म्हणून करायची. त्यांचा फिल्मशी संबंध लावायचा नाही आणि फिल्मच्या बदल्यात ती केली असंही दाखवायचं नाही.

मग फिल्म कशासाठी? मला याचं उत्तर सुमित्रा भावे यांच्या सुरुवातीच्या कामात सापडतं. त्या सिनेमा शिकलेल्या नव्हत्या. समाजकार्य शिकवत होत्या, वस्तीतल्या बायकांच्या जगण्याचा अभ्यास करत होत्या. पण अभ्यासाचा अहवाल लिहायचा आणि ज्यांच्यावर तो लिहिला त्यांना वाचताच येत नाही, ही गोष्ट त्यांना सलत राहिली. त्यातून १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट झाला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे पुढचं. आधी होतं ते एवढंच, की जिच्याविषयी बोलतो तिला ते पाहता आलं पाहिजे, ऐकता आलं पाहिजे आणि ‘हे असं नाही’ म्हणता आलं पाहिजे. तुझ्या फिल्मचा पहिला उपयोग मला हाच दिसतो. त्या जोडप्याने आपलं आयुष्य कधी सलग पाहिलेलं नाही. पहाटे उठून फडात जाणाऱ्या, मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरणाऱ्या माणसाला स्वतःकडे बघायला सवड कुठली? ते तू त्यांना देऊ शकतेस. हे छोटं काम नाही.

आता त्या व्रणाविषयी. इथे मी सल्ला देताना घुटमळणार नाही. तो भाग काढ.

त्यांनी दुसऱ्या हंगामात स्वतःहून सांगितलं होतं, संमतीपत्रावर अंगठा आहे, हे सगळं खरं असेल. पण संमती म्हणजे एकदा दिला आणि संपला असा शब्द नव्हे. तेव्हा त्या फक्त स्वतःविषयी बोलत होत्या. आज त्या आईही आहेत आणि दारात पाहुणे यायचे आहेत. आपल्या गावांत अशा गोष्टीवरून मुलीचं जमत आलेलं लग्न कसं फिसकटतं, हे तुला मी सांगायला नको. ‘ते तेवढं नको दाखवू’ असं त्या सहज बोलून गेल्या, असं तू लिहितेस. माझ्या अनुभवाने सांगते, ज्यांना नाही म्हणायची सवय लागू दिलेली नसते, ती माणसं ‘नाही’ अशाच रीतीने म्हणतात. बोलता बोलता, मान खाली घालून, एकदाच. तेवढ्यावरून आपण समजून घ्यायचं असतं.

मी वीस वर्षांहून अधिक काळ संकलनाच्या टेबलावर काढली. सुरुवातीच्या काळात एका फिल्ममध्ये एक शेतकरी आपल्या कर्जाविषयी बोलता बोलता घरातल्या भावकीच्या भांडणावर आला. नंतर त्याने निरोप पाठवला, की तेवढं राहू द्या. शॉट विलक्षण होता. दिग्दर्शकाला तो हवा होता आणि मलाही हवा होता. मी तो ठेवला. फिल्म नावाजली गेली आणि त्या माणसाचं भावाशी बोलणं कायमचं तुटलं. तो शॉट आजही माझ्या डोळ्यांसमोर येतो, तेव्हा त्यात मला संकलनाचं कौशल्य दिसत नाही. मला ती दोन भावांची घरं दिसतात, एका भिंतीची.

शिवाय तो प्रसंग गेल्याने फिल्मचं सत्य कमी होत नाही. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जाण्याचा विषय २०१९मध्ये राज्यभर गाजला. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. हे आता सरकारी कागदावर आहे. जे आकड्यांनी सिद्ध झालं, ते पुन्हा सिद्ध करायला एका बाईचं पोट पडद्यावर आणायची गरज नाही. हवं तर काळ्या पडद्यावर ते दोन आकडे दे आणि त्यांच्यामागे पहाटेच्या फडातला कोयत्याचा आवाज येऊ दे. १४० तासांत तो नक्कीच असेल.

सहनिर्मात्याला हे स्पष्ट लिही. तो समंजस असेल तर थांबेल. ‘आणखी वेदना’ मागणारा निर्माता पुढे आणखी कायकाय मागेल, याचा अंदाज आताच आलेला बरा. करार करायचाच झाला, तर अंतिम संकलनाचा निर्णय कुणाचा, हे कागदावर आणल्याशिवाय सही करू नकोस. आणि निवेदन इंग्रजीत करायला सांगितलं तर ठाम नकार दे. खाली उपशीर्षकं देता येतात. आपल्या आयुष्याची गोष्ट त्या बाईंना दुसऱ्याच्या भाषेत ऐकावी लागली, तर आधी जे म्हणाले ते सगळं वाया गेलं.

ज्यांच्यावर फिल्म केली त्यांनाच ती कशी वाटते, याचं २०२२ साली घडलेलं एक उदाहरण प्रत्येक होतकरू डॉक्युमेंटरीवाल्याने लक्षात ठेवावं. ‘खबर लहरिया’ या ग्रामीण बायकांच्या वृत्तपत्रावर ‘रायटिंग विथ फायर’ ही फिल्म झाली. रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांनी ती वर्षानुवर्षं खपून केली होती. ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलेली ती भारतातली पहिली पूर्ण लांबीची डॉक्युमेंटरी. पण सोहळ्याच्या काही दिवस आधी खुद्द ‘खबर लहरिया’ने जाहीर केलं, की यातलं आमचं चित्रण अपुरं आणि एकांगी आहे. कोण किती बरोबर, याचा निवाडा मी करत नाही. फिल्म बनवणाऱ्यांच्या हेतूवरही मला शंका नाही. पण चांगला हेतू आणि वर्षानुवर्षांची ओळख असूनही हे होऊ शकतं, तर आपण किती सावध असायला हवं! म्हणून संकलनाचा पहिला कच्चा आराखडा झाला, की तो त्या घराला दाखव. सगळी सूत्रं त्यांच्या हातात दे, असं मी म्हणत नाही. फिल्म तुझीच आहे, मत तुझंच आहे. पण जगाआधी त्यांनी पाहिलेलं असावं आणि त्यांना खटकलेली प्रत्येक गोष्ट तू ऐकून घेतलेली असावी.

(असं काम करणाऱ्या इतरांसाठी एक सूचना इथेच देते. लैंगिक अत्याचार सोसलेली व्यक्ती किंवा अशा प्रकरणातलं मूल यांची ओळख उघड करायला कायद्याची मनाई आहे. अशा विषयात एखाद्याचा अंगठा घेतला म्हणजे आपण मोकळे झालो, असं होत नाही. चित्रीकरणाआधीच जाणत्या वकिलाशी बोला.)

आता नोकरी.

‘नोकरी धरली तर मी पळाले असं होईल.’ हे वाक्य तू कुठून उचललंस, ते मला ठाऊक आहे, कारण मीही तिथेच वाढले. महाराष्ट्रात सामाजिक कामाची कल्पना ‘पूर्णवेळ कार्यकर्ता’ या माणसावर बेतलेली आहे. खांद्यावर झोळी, खिशात एसटीपुरते पैसे, बाकी सगळं वाऱ्यावर. त्या माणसांविषयी मला अतोनात आदर आहे. पण त्या फकिरीमागे कितीदा तरी बायकोचा शाळेतला पगार उभा असे, हे आपण सांगत नाही. ती दर महिन्याला घर चालवायची, म्हणून तो महिनाभर दौऱ्यावर जाऊ शकायचा. तुझ्यामागे असा पगार नाही. ३३व्या वर्षी, एकट्या बाईने, शिल्लक नसताना तीच कसोटी स्वतःला लावणं अन्यायाचं आहे.

आणि आपल्या देशात डॉक्युमेंटरी पगारावर वाढलीच नाही, असंही नाही. १९४८ साली सरकारसाठी माहितीपट करणारं फिल्म्स डिव्हिजन स्थापन झालं. एस. एन. एस. शास्त्रींसारख्या माणसाने सरकारी नोकरीत राहून आजही ताजे वाटणारे लघुपट केले. तेव्हा थिएटरात मुख्य सिनेमाआधी ही रिळं दाखवणं बंधनकारक होतं. माझ्या पिढीने पूर, दुष्काळ, धरणं सगळं त्या काळ्या-पांढऱ्या दहा मिनिटांत पाहिलं. ती व्यवस्था गेली, फिल्म्स डिव्हिजनही आता एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं. पण मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी अनेक वर्षं शिकवता शिकवता एकत्र फिल्म केल्या. धारावीतल्या सलोख्याच्या कामावरचा ‘नाता’ त्यातलाच. नोकरीने त्यांचं काम थांबलं नाही. दर महिन्याला भाकरीची चिंता नसल्याने ते एका विषयाशी टिकून राहू शकले.

टिकून राहणं, हाच शब्द मला तुझ्यासमोर ठेवायचा आहे. विलास घोगरे या शाहिराचं गाणं ‘बॉम्बे : हमारा शहर’मध्ये आहे. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली आणि त्यानंतर काही दिवसांतच घोगरेंनी जीवन संपवलं. पटवर्धन पुन्हा कॅमेरा घेऊन त्या जगात गेले. ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा व्हायला चौदा वर्षं लागली, तो २०११ साली आला. आपल्या क्षेत्रात करिअर म्हणतात ते हेच. एका माणसाची ओळख होते, ती पंचवीस वर्षं पुरते आणि मधल्या काळात तुम्ही मोडून पडलेले नसता. तुला टिकवून ठेवणारी प्रत्येक गोष्ट या कामाचाच भाग आहे. मग ती नोकरी असो, आईच्या हातचं जेवण असो की वेळेवर भरलेला आरोग्य विमा असो.

आता साधा हिशेब मांडू. तुझं चित्रीकरण जवळजवळ संपलं आहे. उरलंय ते संकलन. नोकरीमुळे फडावर जाता येणार नाही, ही तुझी भीती दोन वर्षांपूर्वी खरी होती, आज नाही. १४० तास बघून, लिहून काढायला आठवड्याला दहा तास दिलेस तरी चौदा आठवडे लागतात. म्हणजे दिवाळीच्या आधी बसलीस तर संक्रांतीच्या पुढेमागे ते हाताखालून गेलेलं असेल. त्यांच्या बोलीतलं शब्दन् शब्द उतरवून घे. ‘उचल’, ‘कोयता’, ‘पाचट’ या शब्दांपाशी इंग्रजी उपशीर्षकं लिहिणारा चुकणारच. पगारातून महिना २० हजार बाजूला काढलेस तर वर्षाअखेर दोन लाख चाळीस हजार होतात, त्यात संकलकाला बसवायला सुरुवात तरी होते. लग्नाच्या हंगामात बारा-बारा तास कॅमेरा धरून घरी आल्यावर यातलं काय होत होतं, ते तूच स्वतःला विचार.

तेव्हा नोकरी घे, असंच मी म्हणेन. पण डोळे उघडे ठेवून. नेमणुकीच्या करारात बहुतेकदा एक कलम असतं, की नोकरीच्या काळात कर्मचाऱ्याने तयार केलेलं सगळं कंपनीचं. सही करण्याआधी लेखी घे, की ही फिल्म आधीपासूनची आहे, तिचे हक्क तुझे आहेत आणि सुट्टीच्या दिवशी त्यावर काम करायला कंपनीची हरकत नाही. त्यासाठी कंपनीचा संगणक, कॅमेरा कधीही वापरू नकोस. तोंडी ‘काही प्रॉब्लेम नाही’वर विश्वास ठेवू नकोस, तो म्हणणारा साहेब सहा महिन्यांत बदलतो. आठवड्यात चार दिवसांची नोकरी कमी पगारात मिळत असेल तर तेही विचारून बघ. विचारायला पैसे पडत नाहीत. आणि फिल्म पुरी करायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिही, कारण सत्तर हजारांची सवय लागायला तीन महिने पुरतात. हा धोका खरा आहे. कित्येक चांगली माणसं त्यात हरवलेली मी पाहिली आहेत. त्यांनी ठरवून सोडलं नव्हतं, हार्ड डिस्क कपाटात गेली आणि पुन्हा बाहेर निघाली नाही. हार्ड डिस्कवरून आठवलं, सगळ्या चित्रीकरणाच्या दोन प्रती कर, त्यांतली एक दुसऱ्या घरात ठेव. आजच.

बाकीचं भराभर सांगते. परदेशातून पैसे आले तर ते कुणाच्या खात्यात, कोणत्या करारावर येतात हे सनदी लेखापालाला दाखवून मगच घे. एखाद्या संस्थेच्या मार्फत घेऊ म्हणशील, तर विदेशी देणगीच्या कायद्यात २०२०च्या दुरुस्तीनंतर संस्थेला अशी रक्कम पुढे दुसऱ्याला देता येत नाही. आपल्याकडे बंगळूरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स अनुदान देतं, कोलकात्याचं डॉकएज फिल्म मांडायला शिकवतं आणि निर्मात्यांशी गाठ घालून देतं, गोव्यात नोव्हेंबरात एनएफडीसीचा फिल्म बाजार भरतो. दाखवायला मुंबईचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे मिफ, आणि तिरुवनंतपुरमचा केरळ सरकारचा लघुपट-माहितीपट महोत्सव ही दोन मोठी ठिकाणं. जाहीर प्रदर्शनाला १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास याच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले होते, तेही एका छोट्या डॉक्युमेंटरीसाठी, आणि १९७० साली न्यायालयाने ही पूर्वतपासणी वैध ठरवली. २००४च्या महोत्सवासाठी मिफने भारतीय फिल्मना प्रमाणपत्राची अट घातली, तेव्हा दिग्दर्शकांनी एकत्र येऊन ‘विकल्प’ नावाने आपल्या फिल्म वेगळ्या दाखवल्या. तिथून पुढे वस्त्यांत, महाविद्यालयांत, लोकांच्या गच्चीवर फिल्म दाखवण्याचं जाळं वाढत गेलं. तुझा प्रेक्षक तिथे आहे.

भाऊ ‘समाजकार्य’ म्हणतो, त्याच्याशी वाद घालू नकोस. पण तू स्वतः तो शब्द वापरणं थांबव. हा व्यवसाय आहे. वही घाल, बिलं फाड, कापलेला टीडीएस विवरणपत्र भरून परत माग. वडील शिक्षक होते ना? जमाखर्चाची वही त्यांच्यापुढे ठेव. तू पत्रात लिहिलं आहेस की ते काही बोलत नाहीत. न बोलणारी माणसं वही वाचतात.

एक गोष्ट वादाची आहे, तरी लिहिते. फिल्ममधल्या माणसांना पैसे देऊ नयेत, असा आमच्या क्षेत्रात जुना संकेत आहे. पैसे दिले की माणूस आपल्याला हवं ते बोलायला लागतो, हे त्यामागचं कारण. बोलण्याचे पैसे देऊ नयेत, हे मला मान्य आहे. पण चित्रीकरणापायी बुडालेला रोज भरून द्यावा, या मताची मी आहे. तुझ्यासाठी त्यांनी मुकादमाकडून कितीदा खाडा लावून घेतला, ते आठव आणि आता तेवढे पैसे दे. आणि उद्या फिल्मला काही मानधन आलं तर त्यातला वाटा किती, हे आजच आकड्यात सांग. उचल फिटणार नाही, पण जे देणं आहे ते कळलेलं असावं.

दसरा झाला की टोळ्या निघतील. तोवर त्या गावातच आहेत. नोकरीचं उत्तर द्यायच्या आधी एक रविवार काढ आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जा. त्या दोघांना समोर बसव, मुलीलाही बसव. अर्धा तासाचे तुकडे दाखव, चांगले निवडून. सगळ्यांत आधी सांग, की उचल याने फिटणार नाही. फिल्म अजून वर्षभर तरी होणार नाही आणि झाली की पहिल्यांदा इथेच दाखवेन, शाळेच्या भिंतीवर, टोळ्या परत आल्यावर. दवाखान्याच्या हकिगतीविषयी मुलीसमोर काही काढू नकोस. ती चहा ठेवायला गेली, की बाईंना हळूच सांग, ते काढलं म्हणून.

आणि जायच्या आधी फोन कर. त्या आता परक्याच्या रानात खुरपणीला जात असतील, तेव्हा संध्याकाळी, दिवे लागल्यावरच कर.

तुझी,
सदरलेखिका